सेकंडचा टॉवेल

भार्गव आता शांत आहे.
दाजी पेठेतलं अख्खं बोळ म्हणतं,
गुण आला गोळीनं.

आधी मागांच्या दारात उभा राहायचा.
खटाक-खट, खटाक-खट,
धोट्याच्या तालावर हात हलायचे,
आणि धागा तुटायच्या आधीच
कान झाकायचा.
त्याच्याकडं बघून मी चार नंबर बंद करायचो.

मग एका रात्री त्यानं भिंतीवर कपाळ फोडलं.
खोटं कशाला सांगू,
गोळीनंतरची पहिली झोप
मलाही गोड लागली.

आठ महिन्यांत सोळा किलो.
छाती भरून आलीय, मुलीसारखी.
भर वैशाखात, चव्वेचाळीस अंशांत
चादर पांघरून बसतो.
म्हणजे, बसत नाही. बसवतच नाही त्याला.
पलंग ते मोरी, मोरी ते पलंग.
जीभ आत-बाहेर, आत-बाहेर,
रिकामा धोटा.

मालक वीण चुकलेले टॉवेल देतो,
त्यानंच त्याची लाळ पुसतो.
टॉवेलात कुठं चुकलंय
ते अंधारातही बोटाला कळतं माझ्या.
ह्याच्यात नाही कळत:
किती तो, किती गोळी.

नागमणीनं विडीच्या कार्डामागं लिहून ठेवलं,
तारीख, वजन, रात्रीच्या येरझाऱ्या.
डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचलं.
अर्धी करू म्हणाल्या. एकदम बंद नको.

काल चार नंबरचा धागा तुटला.
मी आधी दाराकडं बघितलं.
होता तो. हात चादरीत.
एक बोट हललं,
का चादरच हलली, पंख्यानं.