लाल खडू

विट्यात, मायणी रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये
माझं काम चुका शोधण्याचं.
काचेचं टेबल, खालून ट्यूबलाइट,
वरून ताका ओढत न्यायचा
आणि नजर अडेल तिथं लाल खडू.
तुटलेली तार. सुटलेला आडवा धागा.
तेलाचा डाग. धोट्यानं पाडलेली जाळी.
तेवीस वर्षं.
देवळात गेले तरी चौंडेश्वरीच्या साडीचा
काठ आधी बघते, तोंड मग.

लोकांना वाटतं चूक म्हणजे चूक.
मला विचारा.
अकरा नंबरच्या मागावर इलाही असला
की आडवा धागा जरा सैल यायचा,
तो बोलतो तसाच, वाक्याच्या शेवटी दमून.
महादू तारळेकराची गाठ बारीक, जोंधळ्याच्या दाण्याएवढी,
आणि बायको माहेरी गेलेली असली
की दोन-दोन गाठी शेजारी शेजारी.
एकदा साडेचार वारांत एक जागा धड नव्हती.
तारीख बघितली. सहा मार्च, रात्रपाळी.
त्या रात्री इलाहीला मुलगी झाली.
मी खडू उचलला, परत ठेवला.
तेवढं कापड फाडून घेतलं, चिंधीच्या भावात,
पगारातून वळतं करून.

घरी सुई.
आधी नुसतं भोक बुजवायचं म्हणून.
मग भोकाच्या कडेनं एक फेरा,
त्याच्या बाहेर अजून एक,
हळदीत बुडवून वाळवलेल्या धाग्याचा,
आणि जाळीची झाली विहीर.
दोन पायऱ्या, एक बेडूक,
वरून वाकून बघणारी एक पोर.
ती कोण, मला ठाऊक नव्हतं.
सुई माझ्या हातात होती,
पोर मात्र त्या भोकातूनच वर आली.

नणंद म्हणाली, "एवढं डोळं फोडून काय मिळतं गं वैनी?"
म्हटलं, "पडदा."
खरंच पडदा केला, फळीवरच्या डब्यांना.
डाळीच्या डब्यापुढं इलाहीची रात्र,
मिठापुढं महादूचं भांडण,
आणि तेलाच्या डागातून उठलेली म्हस
चहापत्तीपाशी रवंथ करत बसलेली.

गेल्या वर्षी शेठनी जुने माग तोडून विकले, किलोवर.
नवे आले, धोटा नसलेले, हवेवर पळणारे.
जुने खटाखट भांडायचे,
हे एका सुरात, कुणाशीच न बोलणारे.
काचेवरून शंभर वार जातं, दोनशे जातं,
खडू तसाच, टोकसुद्धा झिजत नाही.
शेठ खूश. "हौसाक्का, आता नुसतं बसायचं."

त्यातलंच दीड वार आणलं मी, दिवाळीला.
जेवणं झाल्यावर जमिनीवर अंथरलं.
पांढरं, सपाट,
उन्हाळ्यात येरळेचं पात्र असतं तसं,
वाळूवर एक पाऊल नाही.
सुईत धागा ओवला, काढला, पुन्हा ओवला.
कुठून शिरू?
याला दारच नाही.

बारा वाजले. एक वाजला.
नळ आला, हंडा भरला, घागर भरली,
ओले हात परकराला पुसून परत बसले.
मग नखानं एक धागा उचलला,
मधोमध नव्हे, जरा डावीकडचा,
आणि ओढला.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा
चूक माझी.

कापड आक्रसलं.
एक चुणी पळत काठापर्यंत गेली,
मागं राहिली केसाएवढी फट.
फटीतून फरशी दिसली, फरशीची चीर,
चिरेत अडकलेला तांदळाचा दाणा.
त्याच्यासाठी मुंगी यायची आहे.

अजून आली नाही.
तिचे सहा पाय
मी आधीच टाचून ठेवते, काळ्या धाग्यात.