एक तास रुंद

उन्हाळ्यात नार्वा नदी एका हाकेएवढी रुंद.
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
अलीकडची घड्याळं तासभर मागे सरतात,
पलीकडची सरत नाहीत.
मग हिवाळाभर ती एक तास रुंद.

मी गेलो तो नोव्हेंबर.
दोन किल्ले समोरासमोर:
इकडचा उंच, पांढरा, मान ताठ;
तिकडचा अंग पसरून बसलेला.
वहीत लिहिलं, ‘दोन म्हातारे पैलवान,
कुस्ती कशावरून होती तेही विसरलेले.’
रिम्मा अर्काद्येव्नाला वाचून दाखवलं
माझ्या तोडक्यामोडक्या रशियनमध्ये.
बटाटे सोलता सोलता ती म्हणाली,
‘विसरलेत? तुला कोण म्हणालं?’

चौथ्या मजल्यावर तिची एक खोली मी भाड्याने घेतली होती.
सूतगिरणीत एकतीस वर्षं, मागांच्या खडखडाटात
डावा कान गेलेला. गिरणीही गेली.
तिचा पासपोर्ट राखाडी:
ना या देशाचा, ना त्या.
पासपोर्ट आहे, देश नाही.
त्यात ती विजेची बिलं ठेवते.

पुलाचं नाव मैत्री.
पुलावर काँक्रीटचे दात, तारा,
आणि रांग.
चाकांच्या पिशव्या, टोपलीत मांजर,
एक बाई दोन्ही हातांवर केक तोलून
तीन तास उभी.
केकवर नाव होतं, वरून भुरभुर बर्फ पडत होता,
शेवटची अक्षरं वाचता येईनात.
माझ्या भाषेत पैलतीरी गेलेला माणूस परत येत नाही.
इथे येतो,
पूल बंद व्हायच्या आत,
औषधं घेऊन, शिक्का घेऊन, थोडा म्हातारा होऊन.

रिम्माचे गुडघे आता रांगेला पुरत नाहीत.
बहीण तिकडे, पाचव्या मजल्यावर. कापितोलिना.
लाडाचं नाव कापा.
मी हसलो. सांगितलं, आमच्याकडे कापा म्हणजे
फणसाची एक जात.
फणस म्हणजे काय, ते सांगण्यात संध्याकाळ गेली.
कापा म्हणजे आणखी काय,
ते नाही सांगितलं.

‘फोन नाही करत?’
‘करायचो. दहा मिनिटं हवापाणी, लोणची,
मग ती त्यांच्या टीव्हीचं बोलते, मी आमच्या.
मग तिचा नातू. तो कुठे आहे, कुठल्या गणवेशात.
मग मी फोन उजव्या कानावरून
डाव्या कानावर घेते.’

म्हणून दिवा.
इकडचे नऊ, तिकडचे दहा:
स्वयंपाकघरातला दिवा दोनदा मालवायचा, दोनदा लावायचा.
पलीकडे, काळ्या इमारतीच्या वरच्या कोपऱ्यात,
एक पिवळा चौकोन दोनदा पापणी लववतो.
एवढंच.
दिव्याला टीव्हीचं काही माहीत नसतं.
खाली पाण्यावर दोन्ही उजेड थोडा वेळ हलतात,
मधल्या तरंगत्या खुणांपर्यंत जातात की नाही
ते वरून दिसत नाही.
मासे धरणारे दोघं, एक इकडे एक तिकडे,
वर बघतसुद्धा नाहीत.

शेवटच्या रात्री तिला ताप होता.
आतून म्हणाली, ‘नऊ झाले. तू कर. दोनदा.’
बटण सैल होतं.
तीनदा झालं.

पलीकडे काही नाही.
बटणावर बोट ठेवून मी उभा,
परक्या घरात, परक्या बहिणीला
काय बोलून बसलो ते न कळून.
खालून गस्तीची गाडी गेली.
मासेवाल्याने गळ गुंडाळला.

मग तिकडून, घाईघाईने, चार.

‘किती?’ आतून आवाज.
‘दोन,’ मी म्हणालो.
तेवढं रशियन मला येत होतं.

‘बरं,’ ती म्हणाली, आणि कूस बदलली,
चांगला कान उशीत.

तिकडचा दिवा
मी झोपेपर्यंत चालूच होता.