रंग सांग, भागे

उदगीरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या बोळात
तिसरं पत्र्याचं शेड आमचं.
पाटी नाही. आवाज आहे.

खाजामियाँ कुरेशी सकाळीच आला,
फडक्यातनं काढून सुरी ठेवली ऐरणीवर,
एकोणीस वर्षं पाजळून पाजळून
करंगळीएवढी उरलेली.
पाठ शाबूत, पोटात खोल बाक,
मुठीवर अंगठ्याचा खळगा.
"ऐसीच होना," म्हणाला. "हुबेहूब.
नवी सुरी हातात पाहुण्यासारखी बसते."

अप्पांनी ती बोटांनीच बघितली.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
उजव्यात भट्टीची चाळीस वर्षं.
मग कोळशानं भिंतीवर तिची रेघ ओढली
जुन्या रेघांच्या शेजारी:
मोच्याची रापी, कुणाचा तरी अडकित्ता,
हैबतीचं खुरपं.
हैबती गेला, खुरपं गेलं, रेघ आहे.

लोखंड ट्रकच्या कमानीचं,
भंगारवाल्या गफूरकडनं किलोवर आणलेलं,
बिदर रोडच्या खड्ड्यांनी आधीच बडवलेलं.
"अर्धं काम रस्त्यानंच केलंय," अप्पा म्हणतात
दरवेळी.
दरवेळी मी हसते.

भात्याच्या जागी ब्लोअर आलाय,
लग्नाच्या आचाऱ्याकडून जुना घेतलेला.
वीज गेली की भाता, आणि माझे दंड.
कोळसा बाभळीचा, फुटका, तोंडाळ;
माझ्या ओढणीला त्यानं पाडलेली सोळा भोकं.

अप्पांची हातोडी बोलते, माझा घण ऐकतो.
टण् म्हणजे मार.
टण्-टण् म्हणजे थांब.
ऐरणीच्या कडेवर नुसतीच खुळखुळली
तर पोरी, चहा टाक.

मग पाणी पाजणं.
करडीच्या तेलात बुडवतात, तरी शब्द पाणीच.
उन्हाळ्यात टँकरला घागरी लावून
बाया दारात बसलेल्या असतात,
तेव्हा मी तो हळू आवाजात बोलते.

पाजलेली सुरी काचेसारखी,
हातातनं पडली तर दोन तुकडे.
म्हणून परत शेक, मंद,
आणि घासून उजळलेल्या अंगावर रंग चालत येतो
पाठीकडून धारेकडं.

"रंग सांग, भागे."
"अजून पांढरंच हाय."
"आता काय आलालाय?"
"कडबा."
"ओला का वाळला?"
"वाळूलालाय."
"थांब मग."

कडब्यापुढं वांग्याच्या सालीचा जांभळा,
त्याच्यापुढं निळा.
निळा फार देखणा,
पण तिथवर गेलेली सुरी मऊ. धार धरत नाही.
मागच्या पोळ्याला मी निळ्यात रमले होते.
अप्पा काही बोलले नाहीत.
नखानं वाजवली, कान लावला,
कोपऱ्यात टाकली.
तिनं आम्ही आता राख ओढतो.

"वाळला, अप्पा! दिवाळीनंतरचा!"
चर्र.

पातं भिंतीवरच्या रेघेवर धरलं
तर दोन बोटं बाहेर.
"त्यानं तर अशीच मागितलीय," मी म्हटलं.
"झीज घडवता येत नसते.
ती ज्याची त्यानं करायची."

शिसमाची मूठ, पितळेचे तीन रिवेट.
अप्पा जेवायला बसले तेव्हा
मी कानशीनं अंगठ्यापुरता खळगा उतरवला,
थोडासाच.
डोळ्यांना दिसला नसता. बोटांना दिसला.
त्यांनी सुरी तशीच फडक्यात गुंडाळली.

खाजामियाँनं तोलून बघितली.
"भारी है."
मग अंगठा आपसूक जागेवर गेला
आणि तो गप्प झाला.
साडेतीनशे मोजले, जुनी परत कमरेला खोचली,
दोन्ही घेऊन निघाला.
"बसंल हातात," अप्पा म्हणाले,
"एकोणीस वर्षांत."
"इतने किसके पास हैं, मन्मथअप्पा?"
हसत विचारलं त्यानं,
बोळातनं, मागं न बघता.

संध्याकाळी वीज गेली. ब्लोअर दम सोडत थांबला.
भट्टीत काही नव्हतं, पातं नाही, पाटा नाही,
नुसता विझत चाललेला निखारा.
तरी अप्पा म्हणाले,
"रंग सांग, भागे."

मी वाकून नीट बघितलं.
"करडईच्या फुलाचा, अप्पा.
सुकायला लागलेल्या."