हललं का?

पहाटे साडेचारला इलाही गेटवर नुसता खाकरला.
हीच त्याची बेल, चाळीस वर्षं.
खडकीच्या फॅक्टरीत फर्स्ट शिफ्ट असायची तेव्हाही
तो असाच खाकरायचा आणि मी डबा उचलायचो.

"तू चालव," म्हणाला, "माझी कंबर धरलीय."
आजवर स्वतःच्या स्कूटरला हात लावू दिला नव्हता त्यानं,
मला तेव्हाच कळायला हवं होतं.
पण मी खूश. मागे तो, हातात दोन काठ्या उभ्या.
नांदेड फाट्यावर हवालदारानं हटकलं, काय हो, मोर्चा?
"मासे," इलाही म्हणाला,
जसे काही धरूनच परत निघालोय.

पानशेतच्या मागच्या पाण्यावर आमचा एक खडक आहे.
तो यंदा पाण्याखाली होता.
बसलो मग चिखलात, खताच्या गोणीवर.

माझी रीळ नवी, बोहरी आळीतली, सव्वीसशेची,
(घरी नऊशे सांगितलेत).
त्याचा तोच जुना बांबू,
मोरपिसाच्या देठाचं बूच
आणि बुचाच्या टोकाला
लेकीच्या लग्नात उरलेलं लाल नेलपॉलिश.

शेंगपेंड, कणीक, बडीशेप, चिमूटभर हिंग,
शिवाय लाल मुंग्यांची अंडी, कागदाच्या पुडीत,
पुडी त्यानं छातीच्या खिशात ठेवलेली, ऊब राहावी म्हणून.
एवढी बडदास्त आम्ही जावयांचीही केली नाही.

माघाचं पाणी. मासा तळाला, तोंड मिटून.
गळ वर काढावा तर स्वच्छ,
घासून पालथ्या घातलेल्या वाटीसारखा.
खेकडे खात असतील. नाहीतर कुणीच नाही, नुसतं पाणी विरघळवतंय.

"हललं का?"
नाही.
बिडी. पलीकडच्या काठावर कुणाची तरी म्हैस.
"हललं का रे?"
नाही म्हटलं ना.

पलीकडून एक पोरगं आलं, शाळेचा शर्ट, खाली चड्डी,
काडीला दोरा, दोऱ्याला गळ, गळाला भाकरीचा तुकडा.
आमच्यापासून दहा पावलांवर उभ्या उभ्या
तीन चिलापी काढल्या, पिशवीत टाकल्या
आणि जाताना विचारलं,
काका, तुमचं काय हरवलंय का पाण्यात?

मी हसलो. इलाही नाही हसला.
"हललं का?" त्यानं पुन्हा विचारलं,
आणि तेव्हा मी पहिल्यांदा बुचाऐवजी त्याच्याकडे पाहिलं.

तो पाण्याकडेच बघत होता, डोळे बारीक करून,
पण बुचापासून चांगला दोन हात डावीकडे,
जिथे काहीच नव्हतं.
तिथे तो सकाळपासून बघत होता.

त्याच क्षणी लाल टोक थरथरलं,
एकदा बुडलं, वर आलं,
आणि सरळ खाली गेलं.
मला दिसलं. स्पष्ट दिसलं.
तोंडातून निघालं, "नाही."
का, ते मला अजून सांगता येत नाही.
बूच परत वर आलं, आडवं पडलं,
भोवतीची वर्तुळं काठापर्यंतसुद्धा पोचली नाहीत.

अकराला गुंडाळलं.
उरलेली कणीक पाण्यात भिरकावली, घ्या, फुकट घ्या.

परतीला डोणज्यापर्यंत तो गप्प.
मग मागून, माझ्या हेल्मेटला तोंड लावून:
"हललं होतं, बरं का.
दोरा बोटावर घेतला होता मी. चांगला जड होता."
मी गिअर टाकायचा विसरलो.
मग ओढला का नाहीस, इलाही?
"तू नाही म्हणालास ना," तो म्हणाला.
पुढे गॅरेजवाल्याबद्दल काहीतरी बोलत राहिला,
वाऱ्यात ऐकू आलं नाही.

घरी वाटण तयार होतं: खोबरं, लसूण, कोकम भिजवलेलं.
हिनं माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं,
काही न बोलता त्यात चार बटाटे चिरून टाकले.

चव तशी बरी होती.
मी मात्र प्रत्येक घास
काटा असल्यासारखा
जपून चावला.