तारेवरची फेरी

फिनलंडच्या नकाशात नखाएवढं दिसणारं एक तळं,
एकतीस वर्षं मी त्याच्या
या काठावरून त्या काठावर गेलो.
तारेला बांधलेली फेरी, सहा मिनिटांचं पाणी.
हॉर्न वाजवणाऱ्यांना कधी उत्तर दिलं नाही.
तार ओढते तेवढंच जायचं.

आता तिथे पूल आहे,
आणि माझ्या रक्तात साखर.

आरोग्य केंद्रातली मेर्वी बोटाला टोचते,
थेंब पट्टीला लावते,
आकडा माझ्याकडे वळवून धरते,
चुकलेलं गणित दाखवावं तसा.
"आठ पूर्णांक चार. तेही उपाशीपोटी, आउलिस.
सकाळी काय खाता?"
कॉफी.
"आणि कॉफीसोबत?"
मी खिडकीबाहेर बघितलं.
बाहेर बर्फात रुतलेली एक सायकल होती, बाकी काही नाही.

कॉफीसोबत काय, ते कसं सांगू.
फ्रीझरमध्ये एक पिशवी आहे,
पिशवीवर हिल्क्काच्या अक्षरात तारीख: चौदा जानेवारी.
वेलचीचे पिळाचे पाव, वर साखरेचे खडे.
चाळीस केले होते, हात चालत होते तोवर.
फेब्रुवारीत ती गेली.
मी रोज एक काढतो,
ओव्हनच्या दाराशी नाक नेऊन उभा राहतो.
वेलची सुटली की पाठीमागे
कुणीतरी ॲप्रनची गाठ सोडतंय असं वाटतं.
अकरा उरलेत.
हे तक्त्याच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

मेर्वीने कागदावर दोन रेघा काढल्या.
एक ताठ चढली नि धाडकन कोसळली.
दुसरीचा चढ कळत नव्हता, उतारही.
"ही मैद्याची. ही अख्ख्या दाण्याची.
राय खा, कोंड्यासकट. आणि गोळी चुकवू नका."
पहिल्या रेघेत मला स्पीडबोट दिसली,
उन्हाळी पाहुण्यांची, काठावर लाटा फेकून जाणारी.
दुसरी ओळखीची निघाली.
दुसरीवर मी नोकरी केली होती.

शेडमध्ये एक लाकडी टब होता,
जाळ्याची बुचं ठेवायला मी वापरायचो.
त्याआधी हिल्क्काची आत्या सेल्मा त्यात राय आंबवायची.
टब धुवायचा नाही, एवढाच तिचा नियम.
फटींत अजून पीठ होतं, खपली धरलेलं, करडं.
कोमट पाणी ओतलं. मूठभर राय. वर फडकं.
पहिला दिवस, काही नाही.
दुसऱ्या दिवशी ओल्या लाकडाचा वास.
तिसऱ्या रात्री लघवीला उठलो
(या आजारात उठावं लागतं, दोनदा, तीनदा)
तर टबातून फुस्स आवाज आला.
अंधारात मी "कोण?" म्हणालो.

पहिला पाव तळ्याच्या तळाशी ठेवायच्या लायकीचा झाला.
दुसरा जरा बरा.
चपटा, काळा, आंबूस, मधोमध भोक,
काठीत ओवून आढ्याला टांगायचं म्हणून.
एक घास चावेपर्यंत
माझी फेरी अर्धं तळं ओलांडायची.
जबडा दुखतो. कानशिलं दुखतात.
टेबलाच्या पलीकडे कुणी नसलं
की चावण्याचा आवाज फार मोठा होतो.
भोकाभोवतीचं सगळं खाल्लं,
बशीत कण उरले, तेही बोटाने टिपले.

जूनमध्ये तळं मोकळं झालं.
मेर्वीने पुन्हा टोचलं.
सहा पूर्णांक नऊ.
तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला,
लपवायचा म्हणून तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले.
"गोड सुटलं तर!"
एक आहे, म्हणालो.
"रोज एक?"
नाही. एक.

पेन कागदावर टेकवून
ती माझ्याकडे बघत राहिली.
मलाही घाई नव्हती.