उजवीकडे, अर्धी

फोटो आधी सरळ ठेवा काका, म्हणाली सनोबर,
ट्यूबलाइट चमकायलीय काचेवर.
म्हणून आम्ही फ्रेम उलटी केली,
गंजलेले चार खिळे वाकवले,
आणि चौऱ्याऐंशी सालचं सेलूचं जिनिंग
पुठ्ठ्यातून सुटून
तिच्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात
काउंटरवर येऊन पडलं.

बारा पानं लिहून झाली होती माझी.
सरकीचे भाव, गठाणींची वजनं,
पट्टा तुटला तो बुधवार.
काट्यावरचा कारकून मी, आकडे चुकत नाहीत माझे.
पण नुसती अक्षरं बघून माणूस पुढं सरकतो,
मधी एक तरी फोटो पाहिजे, सनोबर म्हणाली.

अकरावीला आहे ती. बोटांना घाई नाही.
लई जड झालाय हा, हलका करू.
फोटोलाही वजन असतं, मला बरं वाटलं.
चार हजारांचा आठशेवर आणला
तरी बाया तेवढ्याच राहिल्या, केसांत रुई घेऊन.
डावीकडं ठेवू, उजवीकडं, का मधोमध?
मधोमध. वर दोन ओळी मोकळ्या सोड.

मग कडा.
हे उजवीकडचं अर्धं माणूस कापू का काका?
नुसता हात अन् पदर. कसंतरीच दिसायलं.
काप, म्हणालो मी,
तूट धरताना पाव किलो सोडावा
इतक्या सहज.

शेवटी एक रिकामी चौकट आली :
ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी
फोटोत काय आहे ते लिहा.
ही सोडली तरी चालती, सगळेच सोडतेत.
मला किसन ठोंबरे आठवला.
प्रेसवरचा किसन, साखरेनं डोळे गेलेला,
ज्याला आता फोन वाचून दाखवतो
एका बाईच्या आवाजात, कुठं न थांबता,
मानवत रोडला मानवता रोड म्हणत.

मी लिहिलं : जिनिंगमधल्या बाया.
खोडलं.
लिहिलं : सात बाया, कापसाच्या ढिगापुढं उभ्या,
एकीनं डोळे मिटलेत.
पुन्हा बघितलं.
चाळीस वर्षं भिंतीवर होता हा फोटो
आणि तिसरीच्या पायांत दोन वेगळ्या चपला आहेत
हे मला आत्ता दिसलं,
न दिसणाऱ्याला सांगताना.
तेही लिहिलं. ढिगाची सावली लिहिली, काट्याची साखळी लिहिली.
सनोबर शटर अर्धं ओढून
वाट बघत उभी.

रात्री किसनचा फोन.
दोनदा ऐकलं, म्हणाला. चपला बरोबर.
ती द्वारका. एक चप्पल तिच्या जावंची.
मग बराच वेळ खोकला.
अन् गयाबाई कामून नाही?
कडंला होती ना रे, काट्याच्या अंगाला.
जर्मनच्या तांब्यात पाणी आणत होती माझ्यासाठी,
तेवढ्यात फोटोवाल्यानं बटन दाबलं.

मी काही बोललो नाही.
गयाबाईची हजेरी मीच मांडायचो.
अर्धा दिवस भरला की नावापुढं अर्धी रेघ.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर.
सनोबर, कापलेलं परत येतं का गं?
येतंय की काका, मूळ असलं म्हणजे.
मूळ काउंटरवरच होतं,
खिळे कालच्या चहाच्या कपात.

आता फोटो जरा बिघडलेला वाटतो,
उजवीकडं कललेला.
खाली लिहिलंय :
डावीकडून सुभद्रा, दुसरीचं नाव कुणालाच आठवत नाही,
द्वारका, शेवंता, दोघी बहिणी झरीच्या, कौसाबाई.
उजवीकडे, अर्धी : गयाबाई सोळंके.
आणि न दिसणाऱ्यांच्या चौकटीत
दोन वाक्यं जास्तीची :
तांब्या ज्याच्याकडं चाललाय
तो फोटोत नाही.
तो हे ऐकतोय.