बाभळीची चौकट

मुंदड्याच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
एका बाजूनं चावी, एका बाजूनं खटका,
हाच खपतो सगळ्यात जास्त.
मी म्हणालो, दोन्हीकडून चावीचा दे.
त्यानं वर पाहिलं नाही. बरं झालं.
नऊशे ऐंशी रुपये. खोक्यात तीन चाव्या,
कागदावर बाणांची चित्रं
आणि चार स्क्रू, पिवळे.

सेलूत त्या दिवशी ऊन बेचाळीसच्या वर.
ड्रिल मुनीरकडून भाड्यानं आणलं,
पाचला परत करायच्या बोलीवर.
नाना पायरीवर बसलेले,
खाकी पँट घालून. रोज तीच लागते.
अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली त्यांनी,
पाथरी, माजलगाव, जिंतूर,
आणि बोरीची वस्तीची गाडी.
निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली,
पहाटे चारला अजून उठतात
आणि ड्युटीवर जातात.
गेल्या महिन्यात रेल्वे फाटकाजवळ सापडले,
परवा थेट वालूर रस्त्याला.
दूधवाल्यानं ओळखलं म्हणून,
दोन किटल्यांच्या मधे बसवून आणलं.
उतरून त्याला म्हणाले, मार डबल बेल.

‘काय करायलास?’
‘कुलूप बसवायलोय. चोऱ्या वाढल्यात.’
‘हां. मंग इथं नको. खाली घे चार बोटं,
दार तिथं झोल खातंय.’
मी पेन्सिलीची खूण पुसली
आणि त्यांचीच बोटं धरून मोजलं.

दाराला भोक लोण्यात पडावं तसं पडलं.
चौकट बाभळीची.
त्यांनीच आणली होती ती, बोरीहून,
गाडीच्या टपावर, तिकीट न फाडता.
एवढा एकच गुन्हा ते अजून कबूल करतात.
बिट तापून निळं पडलं.
लालसर भुसा, मिठासारखा बारीक,
त्यांच्या गुडघ्यांवर बसत गेला.
त्यांनी झटकला नाही.

बोल्टची खाच मारताना
पटाशी माझ्या हातून काढून घेतली त्यांनी.
हात कापत नव्हते.
‘दम धर, विश्वंभर. बाभळीला घाई चालत नाही.’
आठ दिवसांनी नाव घेतलं,
आणि बरोबर घेतलं.

तीन स्क्रू बसले. चौथा
अर्ध्यात अडला आणि लाईट गेली.
हातानं पिळून पाहिला, हलेना.
पाच वाजत आले होते. राहू दिला.

मग नानांनी दार लावलं,
चावी फिरवली. टक.
उघडलं. पुन्हा लावलं.
डेपोत गाडी ताब्यात घेताना घ्यायचे तसं
दोनदा, कान देऊन.
मग आतल्या अंगानं खटका चाचपला.
खटका नव्हता.
‘आतून बी चावीच?’
‘हो.’
‘परतेक गाडीला एक दार असतंय,
मागं, उजव्या बाजूला. लाल अक्षरात लिहिलेलं.
त्याला कुलूप घालायचं नसतंय.
घातलं की मेमो भेटतो.’
मला मेमो कोण देणार होतं?
मी भुसा झाडत राहिलो.

एक चावी माझ्या करदोट्याला,
एक कुशावर्ताच्या गळ्यात,
तिसरी ज्वारीच्या कोठीत, खोल.
जेवताना नानांनी दोनदा खिसा चाचपला.

चारला चपला वाजल्या.
मी पडून राहिलो, श्वास धरून,
आता दार धडधडेल,
आता कंट्रोलरच्या नावानं ओरडतील.
काहीच नाही.
बऱ्याच वेळानं बारीक करकर,
थांबून थांबून.
मला वाटलं, उंदीर.

उजाडल्यावर पाहिलं,
दाराला पाठ लावून नाना झोपलेले,
मांडीवर स्क्रूड्रायव्हर,
शेजारी न्हाणीतली साबणाची वडी,
तिच्यावर आट्यांचे ओरखडे.
चौथा स्क्रू
लाकडात पार बुडाला होता,
बोटाला लागत नव्हता.

बाहेर दूधवाला हॉर्न वाजवत होता.
दार उघडायचं तर त्यांना आधी उठवावं लागणार होतं.
चावी हातात घेऊन
मी तसाच उभा.